नमुना क्रमांक चारशे सतरा

बाटली निळी, तीस मिलिलिटर,
ड्रॉपरचं रबर चावल्यासारखं.
प्रेस्टनच्या प्रयोगशाळेत सकाळी नऊला आली
भिजलेल्या लिफाफ्यातून, पावतीसकट:
एकोणचाळीस पौंड, टपालखर्च माफ.

लेबलवर लिहिलंय, हिमनगाचं जिवंत पाणी.
साखर मुळापासून जाते, असंही लिहिलंय.
‘जाते’च्या डोक्यावर एक चांदणी आहे.
चांदणीचा माग काढत भिंग घेऊन तळाशी उतरले
तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत:
जाऊ शकते.

मी मोजलं.
पाणी. ग्लिसरीन.
मीठ, वरणात घालायचं राहून गेलं असं वाटावं इतपत.
आणि लवंगेचा अर्क, नावापुरता.
लवंग यंत्राच्या आधी माझ्या नाकाला कळली,
पण नाकाचं म्हणणं अहवालात लिहिता येत नाही.
हिमनगाबद्दल यंत्र काही बोललं नाही.

बाटलीच्या कडेला मार्करने मारलेल्या रेघा:
सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार.
हात मॉरीन ऍस्पिनॉल यांचा, वय एकाहत्तर.
बत्तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
कस्टर्डच्या पातेल्यांचा अंदाज त्यांच्याकडे असायचा.
रेघा सरळ आहेत.
शुक्रवारची रेघ नाही.
शुक्रवारी त्या मुलीला न्हाणीघराच्या फरशीवर सापडल्या.
ही चौथी बाटली.
डॉक्टरांच्या गोळ्या महिनाभर खोक्यात, पाकीट न फोडलेलं.

आपल्याकडे औषधाला गुण येतो.
पाहुण्यासारखा येतो, कधी येतच नाही,
मग माणसं वैद्य बदलतात, क्वचित देवही.
माझ्या तक्त्यात गुण नाही, गुणधर्म आहेत:
घनता, आम्लता, उत्कलनबिंदू.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात.
मी त्या काडीचं वजन करते,
चार दशांश स्थळांपर्यंत.

दुपारी गॅरथने एक फोन माझ्याकडे वळवला.
मॉरीनबाई स्वतः, वॉर्डातून,
आवाज खरखरीत, अजिजीचा.
तपासून झालं की उरलेलं परत मिळेल का, विचारत होत्या.
मी म्हटलं, त्यात काही नाही हो.
‘ठाऊक आहे, पोरी. लेक म्हणाली मला.
पण ते घेतलं की झोप लागायची.’

मी हसले नाही.
मला हसायचा हक्कही नाही.
गेल्या मार्चमध्ये, रात्री सव्वादोनला,
मुकुंदच्या बशीतला, टेबलावरचा, बाहीवरचा चहा पुसून झाल्यावर
मी तांब्याचं एक कडं मागवलं.
हाताची थरथर थांबते, म्हणे.
चांदणी मी पाहिली होती.
कार्डाचे सोळाही आकडे न अडखळता भरले,
मी,
रसायनशास्त्राची एम.एस्सी.

त्याने ते घातलं. काही विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘बराच फरक वाटतोय गं,’
आणि एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून
बातम्या बघत बसला.
मनगटाला हिरवा डाग पडला होता, तो अजून आहे.
ते कडं मी कधी प्रयोगशाळेत नेलं नाही.

साडेचारला अहवाल पुरा केला.
निष्कर्षाच्या रकान्यात नेहमीचं वाक्य:
दाव्यास कोणताही आधार आढळला नाही.
‘आधार’वर पेन जरा थांबलं, मग सही केली.

उरलेलं पाणी सील करून फ्रीजमध्ये ठेवलं,
पुरावा म्हणून.
रविवारपर्यंत पुरलं असतं.